नातेवाईकांच्या खोलीची जबाबदारी कोणाची? आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांना खुले पत्र

प्रति,
स्थानिक आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांचे प्रमुख व सदस्य यांस,

विषय: मोठ्या वाहतूक अपघातात स्थानिक संस्थांची कामे आधीच ठरवून देण्याबाबत.

महोदय, महोदया,
सविनय नमस्कार.

रेल्वेचे डबे घसरतात, विमान कोसळते, प्रवासी बोट उलटते, आणि काही मिनिटांत शेकडो माणसे मृत, जखमी किंवा बेपत्ता होतात. अशा प्रसंगासाठी तयार केलेल्या आराखड्यांत अग्निशमन दल, पोलीस, रुग्णवाहिका आणि रुग्णालये यांची कामे तपशिलाने लिहिलेली असतात. त्यानंतर बहुतेक ठिकाणी एक वाक्य येते: ‘आवश्यकतेनुसार स्वयंसेवी संस्थांचे सहकार्य घेण्यात येईल.’ कोणती संस्था, कोणत्या कामासाठी, कोणाच्या आदेशाखाली आणि कोणत्या जागेत, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्या वाक्यात नसते. हे पत्र त्या एका वाक्याबद्दल आहे. स्थानिक संस्थांची खरी गरज अपघातग्रस्त डब्यांपाशी थोडा वेळ आणि नातेवाईकांपाशी फार दीर्घकाळ असते, आणि हे दुसरे काम त्यांच्याकडे अपघात होण्याआधीच लेखी सोपवले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवातीच्या काही मिनिटांत मदतीला येतात ती आसपासची माणसेच. २ जून २०२३ रोजी ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळ कोरोमंडल एक्सप्रेस उभ्या मालगाडीवर आदळली आणि तिचे घसरलेले डबे शेजारच्या मार्गावरील दुसऱ्या प्रवासी गाडीला लागले, तेव्हा अंधारात मोबाईलच्या उजेडावर जखमींना बाहेर काढणारे पहिले लोक गावकरीच होते. या मदतीला अटकाव करणारा आराखडा कोणी करू नये. तो चालणारही नाही. प्रश्न उभा राहतो तो प्रशिक्षित पथके पोहोचल्यावर. त्या क्षणी आधीपासून राबणाऱ्या लोकांना ‘मागे व्हा’ एवढेच सांगितले जाते आणि पुढे काय करायचे ते कोणीच सांगत नाही. परिणामी, मघाशी मदत करणाऱ्यांचीच बघ्यांच्या गर्दीत गणना होते. अडकलेल्या माणसाला ओढून काढण्याचा मोह जीवघेणा ठरू शकतो, हे त्यांना कोणी आधी शिकवलेलेही नसते. १८ जानेवारी १९७७ रोजी सिडनीजवळच्या ग्रॅनव्हिल येथे घसरलेल्या लोकलवर पूल कोसळला आणि ८३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतले काही जण तासन् तास शुद्धीवर होते, बचाव पथकाशी बोलत होते, आणि अंगावरचे वजन हलवल्यानंतर दगावले. दीर्घकाळ चिरडलेल्या स्नायूंवरचा दाब अचानक निघाला की त्यांतली घातक द्रव्ये रक्तात मिसळतात, म्हणून उपचार आधी आणि सुटका नंतर, हा धडा बचाव पथकांनी अशा घटनांतून घेतला. शेजारपाजारच्या मंडळांना आणि युवक गटांना निदान एवढे तरी शिकवून ठेवावे, आणि प्रशिक्षित पथक आल्यावर त्यांनी कोठे जमायचे ती जागा ठरवून द्यावी.

यानंतर जखमींची वर्गवारी होते. १९८३ साली कॅलिफोर्नियात तयार झालेल्या आणि पुढे अनेक देशांत रुजलेल्या पद्धतीत पहिली सूचना सोपी असते: ज्यांना चालता येते त्यांनी अमुक ठिकाणी चालत जावे. अशा लोकांना हिरवी खूण मिळते. उरलेल्यांचा श्वास, रक्ताभिसरण आणि शुद्ध तपासून लाल (तातडीचे उपचार हवे असलेले), पिवळी (थोडे थांबू शकणारे) किंवा काळी (मृत किंवा वाचण्याची शक्यता नसलेले) खूण दिली जाते. वैद्यकीय दृष्टीने हे बरोबरच आहे. पण हिरवी खूण मिळालेली माणसे त्यानंतर कोणाचीच उरत नाहीत. ती तशीच धूळभरल्या कपड्यांत रस्त्याला लागतात, मिळेल त्या वाहनाने सर्वांत जवळच्या रुग्णालयात जातात, आणि गंभीर जखमींना घेऊन रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत तिथला अपघात विभाग भरून गेलेला असतो. ७ जुलै २००५ रोजी लंडनच्या तीन भुयारी गाड्यांत आणि एका बसमध्ये स्फोट झाले. तो घातपात होता, तरी प्रवाशांच्या दृष्टीने प्रसंग वाहतूक दुर्घटनेचाच होता. लंडन असेंब्ली या शहराच्या निर्वाचित सभेच्या समितीने पुढच्या वर्षी दिलेल्या अहवालात नोंदवले की वाचलेल्या शेकडो प्रवाशांची नावे कोणी टिपून घेतली नाहीत, त्यांच्यासाठी स्वागत केंद्रे नव्हती, आणि आराखड्यांत घटनेचा विचार होता, माणसांचा पुरेसा नव्हता.

ही उणीव भरून काढणे स्थानिक संस्थांना सहज जमण्यासारखे आहे. शहर बससेवेने दोन-चार बस घटनास्थळाच्या सीमेवर उभ्या कराव्यात. त्या बसून राहण्यासाठी निवारा होतात आणि किरकोळ जखमींना लांबच्या दवाखान्यांत नेण्याचे साधनही होतात. प्रत्येक बसमध्ये प्रथमोपचार जाणणारा एक माणूस मात्र हवा, कारण आतून रक्तस्राव होत असलेला रुग्णही पहिला अर्धा तास चालू-बोलू शकतो. जवळचे एखादे सभागृह वाचलेल्यांसाठी उघडावे. तिथे पाणी, पांघरूण, फोन चार्ज करण्याची सोय आणि घरी एक फोन लावून देणारा माणूस असावा. आणि या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दारात एक नोंदवही असावी. नाव, संपर्क, सोबत कोण होते, इथून कोठे जाणार, एवढ्या चार रकान्यांवर पुढच्या कित्येक दिवसांचे काम अवलंबून असते.

कारण अपघातानंतरची सर्वांत मोठी टंचाई खात्रीच्या यादीची असते. १६ एप्रिल २०१४ रोजी दक्षिण कोरियात सेवोल ही बोट बुडत असताना ‘सर्व विद्यार्थी वाचले’ अशी बातमी प्रसारित झाली. ती खोटी होती. मरण पावलेल्या ३०४ जणांपैकी बहुतेक एकाच शाळेचे विद्यार्थी होते. त्या एका बातमीनंतर पालकांनी प्रशासनाच्या कोणत्या शब्दावर विश्वास ठेवायचा? रुग्णालयाची एक यादी, पोलिसांची दुसरी, वाहतूक कंपनीची तिसरी आणि समाजमाध्यमांवर फिरणारी चौथी, असे चालू दिले तर याहून वेगळे काही घडणार नाही. यादी एकच असावी, तिचा मालक एकच असावा, आणि संस्थांनी गोळा केलेली नावे त्याच यादीत जावीत, हे आधी ठरले पाहिजे. विमानात निदान प्रवाशांची यादी असते. अनारक्षित डबे, शहर बस किंवा प्रवासी बोट यांत तीही नसते, आणि मग बेपत्तांची यादी तयार करण्याचा एकमेव मार्ग उरतो तो शोधत आलेल्या नातेवाईकांशी बोलण्याचा. म्हणजे नातेवाईक हे माहिती मागणारे असतात तसेच माहितीचा मुख्य स्रोतही असतात. त्यांना फाटकाबाहेर उभे करणारे प्रशासन स्वतःचेच काम अडवून धरते.

नातेवाईकांच्या व्यवस्थेला कायद्याने जागा देता येते, याचा दाखला उपलब्ध आहे. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूए कंपनीचे विमान समुद्रात कोसळले आणि २३० जणांचा मृत्यू झाला. नावांची खात्री मिळण्यास लागलेल्या विलंबामुळे कुटुंबीयांचा संताप इतका होता की त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत विमान अपघातग्रस्तांच्या कुटुंबीयांना साहाय्य करण्याविषयी कायदा झाला. त्यानुसार कुटुंबीयांसाठीच्या सेवांचा समन्वय राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाकडे आला, आणि भावनिक आधाराचे काम एका स्वतंत्र, ना-नफा संस्थेकडे सोपवण्याची तरतूद झाली. ते काम अमेरिकन रेड क्रॉस करते. नावे जाहीर होण्याआधी कुटुंबाला कळवणे, त्यांना शोक करण्यासाठी खासगी जागा देणे, स्मारकाबाबत त्यांचे मत घेणे या गोष्टी कर्तव्याच्या सदरात आल्या. गिऱ्हाईक शोधत येणाऱ्या वकिलांना ठरावीक दिवस कुटुंबांशी संपर्क साधण्याची बंदी आहे. ती मुदत आता ४५ दिवसांची आहे. २००८ साली अशीच तरतूद रेल्वे प्रवाशांसाठीही झाली. या कायद्याची नक्कल करा असे मी म्हणत नाही. एका बिगरसरकारी संस्थेला नाव घेऊन, आधीपासून, ठरावीक काम दिले गेले, ही त्यातली घेण्यासारखी गोष्ट आहे.

नातेवाईक केंद्र कसे असावे, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आराखड्यांत त्याला सहसा एक ओळही मिळत नाही. ते घटनास्थळाच्या अगदी जवळ नसावे आणि शवागाराच्या इमारतीत तर मुळीच नसावे. वार्ताहरांना आत प्रवेश नसावा. दिवसातून ठरावीक वेळा, आणि प्रत्येक वेळी पत्रकार परिषदेच्या आधी, जबाबदार अधिकाऱ्याने स्वतः येऊन कुटुंबीयांशी बोलावे. सांगण्यासारखे नवीन काही नसले तरी ठरलेल्या वेळी येऊन ‘अजून काही कळलेले नाही’ असे सांगावे. न येणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागी अफवा येते. इथे दुभाषे लागतात, सांकेतिक भाषा जाणणारे लागतात, लहान मुलांना सांभाळणारी विश्वासाची माणसे लागतात, वेगवेगळ्या धर्मांचे जाणकार लागतात आणि परदेशी प्रवासी असतील तर त्यांच्या दूतावासाशी बोलणारे कोणी लागते. यांपैकी एकही माणूस पोलीस ठाण्याच्या किंवा अग्निशमन दलाच्या पटावर नसतो. ही सगळी माणसे तुमच्याच परिसरातल्या संस्थांत, शाळांत, प्रार्थनास्थळांत आणि व्यावसायिकांच्या संघटनांत असतात. पालकांशिवाय सापडलेली मुले हा तर वेगळाच गंभीर विषय आहे. गोंधळात कोणीही ‘मी मामा आहे’ म्हणून मूल घेऊन जाऊ नये, यासाठी बालकल्याणाचे काम करणाऱ्या संस्थेकडे पहिल्या तासापासून ही जबाबदारी हवी, आणि तिच्या स्वयंसेवकांची पार्श्वभूमी आधी तपासलेली हवी.

ओळख पटवण्याच्या कामात संस्थांनी काय करावे आणि काय करू नये, हे मला सर्वांत निकडीचे वाटते. केवळ चेहरा किंवा कपडे पाहून ओळख पटवणे धोक्याचे असते. आघाताने आणि आगीने चेहरे बदलतात, आणि आपल्या माणसाला शोधणारा डोळा घाबरलेला असतो. म्हणूनच इंटरपोलच्या मार्गदर्शक पद्धतीत बोटांचे ठसे, दातांच्या नोंदी आणि डीएनए हेच मुख्य आधार मानले जातात. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला उड्डाणानंतर लगेच कोसळलेल्या विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा बहुतेक मृतदेहांची ओळख नातेवाईकांच्या नमुन्यांशी डीएनए जुळवूनच पटवावी लागली. या पद्धतीला वेळ लागतो, आणि तो वेळ नातेवाईकांना असह्य होतो. दंतवैद्यांच्या संघटनेने जुन्या नोंदी आणि क्ष-किरण चित्रे मिळवून देणे, प्रशिक्षित समाजसेवकाने माहितीचा अर्ज भरताना शेजारी बसणे, उशीर का होतो आहे ते साध्या शब्दांत आणि पुनःपुन्हा समजावणे, ही संस्थांची कामे. मृतदेहांची छायाचित्रे फिरवणे, खिसे तपासून परस्पर घरी फोन लावणे, ही कामे चांगल्या हेतूनेही करू नयेत.

इथे अधिकृत यंत्रणाही चुकतात. १९८९ साली लंडनमध्ये थेम्स नदीत मार्शनेस ही विहारनौका बुडून ५१ जण दगावले. ठसे घेण्यासाठी त्यांतल्या २५ मृतांचे हात मनगटापासून वेगळे करण्यात आले आणि कुटुंबीयांना ते सांगितले गेले नाही. पुढे न्यायाधीश लॉर्ड जस्टिस क्लार्क यांच्या २००१ च्या अहवालात चार गोष्टींवर भर देण्यात आला: प्रत्येक टप्प्यावर प्रामाणिक आणि अचूक माहिती, मृत आणि शोकाकुल दोघांविषयी आदर, सहानुभूतीची वागणूक, आणि चुकीची ओळख टाळणे. नातेवाईकांच्या बाजूने बसलेला, प्रशासनाचा पगार न घेणारा एक माणूस त्या खोलीत असेल तर यांतल्या पहिल्या तीन गोष्टी विसरल्या जाण्याची शक्यता बरीच कमी होते.

बहानगाचाच आणखी एक धडा जागेविषयी आहे. मृतदेह सुरुवातीला जवळच्या शाळेत ठेवले गेले. नंतर मुले तिथे यायला घाबरू लागली, पालकही तयार होईनात, आणि इमारतीचा तो भाग पाडावा लागला. घाईत घेतलेल्या निर्णयाला दोष देणे सोपे आहे. संध्याकाळी शेकडो मृतदेह समोर असताना जी इमारत उघडी होती ती वापरली गेली. पण अशी जागा शांतपणे, नकाशा पुढे ठेवून, आधीच निवडता आली असती, आणि ती शाळा नसती. त्याच अपघातातील २८ मृतदेहांवर कोणी दावेदार न सापडल्याने चार महिन्यांनी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, प्रशासनानेच अंत्यसंस्कार केले. दूरच्या खेड्यांतून कामासाठी निघालेल्या प्रवाशांच्या घरांपर्यंत पोहोचण्याचे काम शासकीय जाहिरातीपेक्षा मजुरांबरोबर काम करणाऱ्या संस्थांच्या जाळ्यातून अधिक होण्यासारखे आहे.

रक्तदान, वस्तू आणि पैसा यांविषयी थोडक्यात. पहिल्या काही तासांत जखमींना दिले जाणारे रक्त आधीच रक्तपेढीत असलेले असते. नव्या रक्ताच्या तपासणीला वेळ लागतो. म्हणून रक्तदात्यांच्या रांगेला नाही म्हणू नये, पण नावे लिहून घेऊन पुढच्या आठवड्यांत टप्प्याटप्प्याने बोलवावे. न मागितलेल्या कपड्यांचे ढीग कोणाच्याच कामाचे नसतात. निधी जमवायचा तर खाते एक, हिशेब जाहीर आणि वाटपाचे निकष आधी छापलेले असावेत. मोबाईलचे जाळे कोलमडते तेव्हा हौशी रेडिओचालकांच्या मंडळांचा उपयोग होतो; त्यांना नियंत्रण कक्षात एक टेबल द्यावे.

तयारीचा विषय निघाला की सू सिटीचे उदाहरण टाळता येत नाही. १९ जुलै १९८९ रोजी सर्व हायड्रॉलिक यंत्रणा निकामी झालेले विमान अमेरिकेच्या आयोवा राज्यातील या शहराच्या धावपट्टीवर आदळले, आणि विमानातील २९६ जणांपैकी १८४ जण वाचले. त्यात वैमानिकांचे असामान्य कौशल्य होते आणि नशीबही होते: रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ असल्याने दुप्पट कर्मचारी हजर होते, आणि नॅशनल गार्ड या राखीव सैन्यदलाचे शेकडो जवान त्या दिवशी विमानतळावरच होते. पण दोनच वर्षांपूर्वी, १९८७ साली, तिथे मोठे विमान कोसळल्याची रंगीत तालीम झाली होती आणि आसपासच्या छोट्या गावांची पथके आराखड्यात सामील होती, हे नशीब नव्हते. आपल्याकडच्या रंगीत तालमी मात्र शेवटचा ‘जखमी’ रुग्णवाहिकेत चढला की संपतात. टाळ्या होतात, छायाचित्रे निघतात. नातेवाईकांची भूमिका करणारे पन्नास जण फाटकावर येऊन ‘माझी मुलगी कुठे आहे’ असे विचारताहेत, हा भाग मी तरी कोणत्याही तालमीच्या वर्णनात वाचलेला नाही.

संस्थांनाही या निमित्ताने स्पष्ट बोलले पाहिजे. घटनास्थळी फलक लावणे, जॅकेट घालून छायाचित्रे काढणे, दोन संस्थांनी एकाच कामावर हक्क सांगणे आणि कंटाळवाण्या नोंदवहीजवळ मात्र कोणीच न बसणे, हे प्रकार घडतात. करार झाला की त्यात बंधने संस्थांवरही यावीत. प्रशिक्षण घेतलेल्या स्वयंसेवकांचीच नावे द्यावीत, पाळ्या ठराव्यात, ओळखपत्र आणि विमा असावा, आणि ऐकलेली माहिती बाहेर सांगणाऱ्याला परत बोलावू नये.

अपघाताची बातमी मागे पडल्यावर जे काम उरते ते जवळजवळ पूर्णपणे स्थानिक असते. १९८७ साली बेल्जियमच्या झेब्रुगा बंदराबाहेर हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज ही बोट उलटून १९३ जण गेले, तेव्हा इंग्लंडच्या केंट परगण्याच्या समाजसेवा विभागाने खास पथक उभारून विखुरलेल्या कुटुंबांशी स्वतःहून संपर्क ठेवला. कॅनडातील लॅक-मेगँटिक या छोट्या गावात ६ जुलै २०१३ रोजी खनिज तेलाची मालगाडी घसरून पेटली आणि ४७ जण मरण पावले. तिथे कित्येक वर्षांनंतरही लोकांत मानसिक आघाताची लक्षणे आढळत राहिली, आणि २०१६ पासून गावातच मिसळून काम करणारे पथक नेमण्यात आले. सगळ्यांना एकदा एकत्र बसवून प्रसंग पुन्हा सांगायला लावण्याची जी पद्धत ‘समुपदेशन’ म्हणून उरकली जाते, ती वापरू नये असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या सूचनांत म्हटले आहे. पाहणे, ऐकणे आणि योग्य मदतीशी जोडून देणे, एवढ्यावर उभा असलेला मानसिक प्रथमोपचार कोणत्याही समंजस स्वयंसेवकाला शिकवता येतो. तो मृतदेह उचलणाऱ्या कामगारांना आणि नोंदवहीजवळ बसलेल्या स्वयंसेवकालाही लागतो, हे विसरू नये.

आपल्याकडून अपेक्षा अशी आहे. येत्या वर्षाच्या आराखड्यातून ते एक मोघम वाक्य काढावे आणि त्या जागी संस्थांची नावे, कामे, जागा आणि त्यांना आदेश देणारा अधिकारी लिहावा. वाचलेल्यांचे स्वागत केंद्र, नातेवाईक केंद्र आणि तात्पुरते शवागार यांसाठी प्रत्येकी दोन जागा निवडून त्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत हेही नमूद करावे. नियंत्रण कक्षात संस्थांच्या एका समन्वयकाला खुर्ची द्यावी. आपत्तीत नावे आणि संपर्क कोणाला, किती काळ, कोणत्या अटीवर देता येतील याचा लेखी नियम करावा. लंडनमधल्या २००५ च्या स्फोटांनंतर गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावला गेल्याने वाचलेल्यांपर्यंत मदत पोहोचण्यात अडथळे आले होते आणि २००७ साली तिथल्या सरकारला त्याबाबत खास मार्गदर्शिका काढावी लागली. पुढची रंगीत तालीम नातेवाईकांसह, रात्री, आणि प्रवाशांची यादी उपलब्ध नाही असे गृहीत धरून घ्यावी.

तुमच्या हद्दीत आज रात्री अपघात झाला तर नातेवाईक केंद्राचे दार कोण उघडणार, त्या व्यक्तीचे पदनाम आणि तिच्या अनुपस्थितीत जबाबदार असणाऱ्याचे पदनाम, एवढे दोन तपशील या पत्राच्या उत्तरादाखल जाहीर करावेत, ही विनंती.

कळावे,

आपला नम्र,
एक स्वयंसेवक नागरिक